तेलाच्या शेजारी लाकूड

आमच्या सासूबाई घर सोडून मुलाकडे राहायला जाणार, हे कळलं तेव्हा मी मसूर आणि श्पेत्सले, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया, खात होतो. घास तोंडात तसाच राहिला. अशा प्रसंगी जावयाने काय करायचं असतं ते मला ठाऊक आहे. चेहरा पाडायचा, "असं कसं, असं कसं" म्हणायचं आणि मनातल्या मनात त्यांच्या खोलीत आपलं टेबल कुठल्या खिडकीशी लागेल ते ठरवायचं. शेजारच्या हेफेलेने तर कुंपणावरून हात पुढे करून माझं अभिनंदनच केलं. पण माझं प्रकरण वेगळं होतं. सासूबाई गेल्या की गायगल या पत्त्यांच्या खेळातला माझा भिडू जाणार होता.

ज्यांनी पत्ते कधी मनापासून खेळलेले नाहीत त्यांना हे कळणार नाही. त्यांनी मला माफ करावं, मीही त्यांना करतो. बायको म्हणून माणूस कुणाशीही जुळवून घेतो, पण भिडू जुळावा लागतो. दर गुरुवारी एका बाजूला सासूबाई आणि मी, दुसऱ्या बाजूला हेफेले नवरा-बायको. मी शाळेत लॅटिन शिकवतो. वर्गात माझं कुणी ऐकत नाही, घरात बायको, इर्मेल, ऐकत नाही. पण गुरुवारी सासूबाई माझ्या एका पानावरून माझ्या हातातली बाकीची सगळी पानं ओळखायच्या. आयुष्यात मला इतकं नीट कुणीच समजून घेतलेलं नाही.

त्या का जाणार होत्या? कारण घर थंड पडलं होतं. घर थंड का पडलं? कारण मी ते गरम करायला घेतलं होतं.

आमच्या तळघरात तेलाचा बॉयलर आहे. तसा बिचारा गुणी. पण शरद ऋतूत तेलाचा टँकर आला की तो लिंडन गल्लीत आडवा उभा राहतो, त्याची नळी आमच्या अंगणातून सापासारखी आत जाते, आणि पंप सुरू असेपर्यंत गल्लीतल्या एकूण एक बाईला नेमकी तेव्हाच खिडकी पुसायची असते. आल्बच्या पठारावरची माणसं तोंडाने काही बोलत नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यात प्रत्येकाचं खातं उघडलेलं असतं, त्यात ती फक्त नोंद करतात. 'मास्तर. पंप अजून चालू.' एवढंच. मला ते सहन होईना. बाकी साऱ्या गल्लीच्या धुराड्यांतून लाकडाचा निळसर धूर निघायचा, आणि आमच्या तेलाच्या धुराड्यातून नुसती सुस्ती.

म्हणून ठरवलं, तेल राहू दे, पण त्याच्या शेजारी लाकडाचा बॉयलर बसवायचा. लाकूड काम करेल, तेल म्हातारपणी आधाराला.

पहिली चूक मी लिलावात केली. गावच्या जंगलातल्या लाकडाचा लिलाव दर हिवाळ्यात सभागृहात होतो. बीअर असते, सॉसेज असतात, आणि वनखात्याचा माणूस एकेका राशीचा नंबर पुकारतो. मी पहिल्यांदाच गेलो होतो. आदल्या दिवशी जंगलात चक्कर मारून मी सर्वांत देखणी रास हेरून ठेवली होती. बीच झाडाची, सरळसोट, अगदी रस्त्याला लागून. तिचा नंबर पुकारला तेव्हा हेफेलेने सावकाश हात वर केला. मीही केला.

सभागृहात सॉसेज चावण्याचा आवाज थांबला.

चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कुणी शीळ घालावी, तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. ती हेफेलेची रास होती. म्हणजे कागदोपत्री नव्हे. पण त्याच्या आजोबांपासून त्या वळणावरची रास हेफेल्यांचीच, आणि तिच्यावर दुसऱ्याने बोली लावायची नसते, हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. मलाही माहीत असायला हवं होतं, कारण माझा जन्म याच गावातला. पण मी तोवर तेलवाला होतो. मला वाटलं, लिलाव म्हणजे लिलाव.

हेफेलेने हात खाली घेतला. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्हाला लखलाभ."

पुढच्या गुरुवारी हेफेले नवरा-बायको गायगलला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आता मी आणि सासूबाई दोघंच एकमेकांविरुद्ध खेळायला लागलो, आणि त्या मला निर्दयपणे हरवू लागल्या.

लाकूड अंगणात येऊन पडलं. फोडून झालं. मग ते रचायचं होतं, आणि इथे सल्ल्यांचा पूर आला. साल वर ठेवायची की खाली? वर ठेवली तर पाऊस निथळून जातो. खाली ठेवली तर लाकूड श्वास घेतं. आमच्या गल्लीच्या उजव्या बाजूचे लोक साल वर ठेवतात आणि डाव्या बाजूचे खाली, आणि या दोन बाजूंमध्ये लग्नं फारशी जमत नाहीत. मी कुणाला दुखवायला नको म्हणून एक थर असा आणि एक थर तसा रचला. त्यामुळे दोन्ही बाजू माझ्याविरुद्ध एक झाल्या. इतक्या वर्षांत पाद्रीबुवांनाही हे साधलं नव्हतं.

मग शरद ऋतूत डांगेल आला. डांगेल हा बॉयलर बसवणारा. गडी आनंदी. दर वाक्याआधी "काही प्रश्नच नाही" म्हणायचा आणि दर वाक्यानंतर नवा प्रश्न उभा राहायचा. लाकडाच्या बॉयलरबरोबर गरम पाण्याची एक टाकी लागते, हे त्याने मला सांगितलं होतं. ती टाकी आमच्या न्हाणीघराहून मोठी असते, हे नव्हतं सांगितलं.

"काही प्रश्नच नाही," तळघराच्या जिन्यात अडकलेल्या टाकीकडे बघत डांगेल म्हणाला. "जिना काढू."

जिना काढला. दार काढलं. दाराची चौकट आली ती थोड्या भिंतीसकट. इर्मेलच्या मुरंब्यांचं कपाट अंगणात गेलं, सफरचंदाच्या दारूचं पिंप पडवीत गेलं आणि तिथे दोन दिवसांत त्याचं व्हिनेगर झालं.  इर्मेलने ते व्हिनेगर बाटल्यांत भरलं आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावली : 'गोटहिल्फचा बॉयलर'. गोटहिल्फ म्हणजे मी. ते व्हिनेगर अजून संपलेलं नाही.

टाकी बसली, बॉयलर बसला, नळ जोडले गेले. आता फक्त धुराडं जोडायचं राहिलं, आणि त्यासाठी आल्गायरबाईंची सही हवी होती.

आल्गायरबाई आमच्या भागाच्या धुराडेवाल्या, म्हणजे धुराडी साफ करणाऱ्या आणि तपासून परवानगी देणाऱ्या. काळा कोट, सोनेरी गुंड्या, गालावर काजळी. त्या गल्लीत शिरल्या की लोक धावत येऊन त्यांच्या गुंडीला हात लावतात, कारण त्याने दिवस चांगला जातो म्हणे. हेफेलेबाईंनी लावला, समोरच्या पोस्टमनने लावला, मीही लावला. मग बाई तळघरात गेल्या आणि त्यांनी माझा दिवस संपवला.

"तेल एका धुराड्यात," त्या म्हणाल्या. "लाकूड त्याच धुराड्यात चालत नाही. दुसरं धुराडं आहे?"

"आहे ना!" मी म्हणालो. "वरच्या बैठकीतल्या चुलीचं."

"मग ती चूल बंद करा."

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण धुराडेवाले थट्टा करत नाहीत, त्यांना कायद्याने मनाई असावी. बैठकीतली चूल म्हणजे खोली उबदार ठेवणारी, हिरव्या टाइल्सची, भिंतीएवढी, आणि तिच्या पोटाला लागून चहूबाजूंनी बाक. त्या बाकावर सासूबाई बसतात. आमच्या घरात लाकूड जळायची ती एकच जागा. म्हणजे घरात लाकूड जाळायचं म्हणून जळतं लाकूड विझवायचं.

"आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं," आल्गायरबाई म्हणाल्या. "सगळे आधी मला विचारतात."

मी तसाच बाहेर कुंपणापाशी गेलो. "हेफेले, तुम्हाला माहीत होतं हे?"

"हे कुणाला नाही माहीत?"

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तर, तुम्ही लॅटिन शिकवता," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्ही विचारून बसला असाल."

चूल वाचवायला एकच वाट होती. घराबाहेरून, मागच्या भिंतीवरून पोलादी धुराडं चढवायचं. पण आमचं घर लाकडी चौकटींचं, जुनं, जतन करायच्या यादीतलं. नगरपालिकेत त्या यादीचा एक साहेब आहे. त्याने माझा अर्ज प्रेमाने वाचला.

"पोलादी धुराडं सार्वजनिक जागेवरून दिसता कामा नये," तो म्हणाला.

"मागे आहे. रस्त्यावरून दिसत नाही."

"चर्चच्या मनोऱ्यावरून दिसेल."

"मनोऱ्यावर कोण जातं हो?"

"वर्षातून एका रविवारी तो लोकांसाठी खुला असतो." साहेबाने चष्मा काढला. "मी स्वतः जातो."

मी घरी आलो. सासूबाई बाकावर बसून मोजा विणत होत्या. भांडण होणार, या तयारीने मी खुर्ची ओढून बसलो, सगळं सांगितलं आणि म्हणालो, "सासूबाई, तुमच्या चुलीचं धुराडं लागणार आहे."

त्यांनी वर पाहिलं नाही. "घ्या," म्हणाल्या.

इतकंच. 'घ्या'. आदळआपट नाही, टोमणा नाही. मी हबकलो. आमच्या मुलखात बाई भांडते तोवर सगळं ठीक असतं. ती 'घ्या' म्हणाली की समजायचं, तिने आपल्या बाजूचा हिशोब मिटवला.

चूल बंद झाली. आणि मग तळघरात जे घडलं ते कुठल्याही तर्कशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखं आहे. डांगेलने दोन्ही बॉयलरना त्यांना चालू-बंद करणाऱ्या एकाच पेटीला जोडलं होतं. पेटीला शिकवलं होतं, की पहिला मान लाकडाचा. लाकूड जळून संपलं की मगच तेलाने सुरू व्हायचं. वाजवी व्यवस्था. फक्त लाकूड अजून पेटलंच नव्हतं, कारण आल्गायरबाईंची सही व्हायची होती. आणि जे पेटलं नाही ते संपणार कसं? त्यामुळे तेल अदबीने लाकडाची वाट बघत राहिलं. लाकूड सहीची वाट बघत राहिलं. आणि आम्ही तिघं ओव्हरकोट घालून जेवत राहिलो.

मी डांगेलला फोन केला. "काही प्रश्नच नाही," तो म्हणाला, "पेटी उघडून एक तार बदलायची." मग म्हणाला, की तो डोंगरात बायकोच्या माहेरी आहे आणि ॲडव्हेंटनंतर, म्हणजे थेट नाताळाच्या सुमारास, येईल. "तुम्ही मात्र हात लावू नका."

आल्गायरबाई आल्या. त्यांनी माझ्या राशीतला एक ओंडका उचलला, खिशातून दोन टोकांचं एक यंत्र काढून त्यात खुपसलं आणि आकड्याकडे बघत राहिल्या.

"मास्तर, हे लाकूड नाही. ही भाजी आहे."

"म्हणजे?"

"ओलं आहे. दोन उन्हाळे खाऊ द्या त्याला. आज हे पेटवलंत तर धुराड्यात डांबर साठेल आणि मला तुमचं घर बंद करावं लागेल. सुकं लाकूड आणा, सही देते."

त्याच दिवशी, मसूर आणि श्पेत्सले खाताना, सासूबाईंनी सांगितलं की गेर्विगचा फोन आला होता. गेर्विग त्यांचा मुलगा, स्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे जमिनीखालून गरम पाण्याचे नळ गेलेत, थंडीत तो अनवाणी फिरतो आणि हे दर फोनला सांगतो. "ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी तो गाडी घेऊन येतोय," सासूबाई म्हणाल्या. "माझे गुडघे आता थंडी धरायला लागलेत, जावईबापू."

तेव्हा तो घास तोंडात राहिला.

सुकं लाकूड. ऐकायला किती साधी गोष्ट! पण हिवाळ्याच्या तोंडावर आल्बवर सुकं लाकूड मागणं म्हणजे एखाद्याला त्याचे दात मागणं. चुलीसाठी आणलेलं होतं ते केव्हाच जळून गेलेलं, बाजारातलं सगळं संपलेलं. आणि आमच्या गल्लीत लाकूड विकत नाहीत. प्रत्येकाच्या अंगणात वर्षवार राशी असतात आणि लोक रविवारी दुपारी त्यांच्यासमोर नुसते उभे राहतात. हेफेलेच्या राशींना तर मुलींची नावं शोभली असती. निवृत्त सर्व्हेअर माणूस, पाणसळ लावून रचतो.

शुक्रवारी दुपारी मी माझी सगळी अब्रू गोळा केली, ती घरी ठेवली आणि कुंपण ओलांडून त्याच्याकडे गेलो.

"हेफेले, थोडं सुकं लाकूड हवं होतं."

तो एक ओंडका बोटाने किंचित आत ढकलत होता. "हवं तर सगळ्यांनाच असतं."

"विकत द्या."

"विकत?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली वळवली.

"बरं, उसनं द्या."

"आणि परत काय देणार? माझ्या वळणावरचं, माझंच?"

हे मला लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. मी म्हणालो, "चुकलं माझं. ती रास तुमची होती."

हेफेलेने तो ओंडका आणखी थोडा आत ढकलला.

"सासूबाई चालल्या हो परवा," मी म्हणालो.

"अभिनंदन केलं की मी."

"मला अभिनंदन नकोय! मला माझा भिडू हवाय!"

आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण समोरची एक खिडकी उघडली. हेफेले थेट माझ्याकडे वळला. आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्याला प्रथमच थक्क झालेला पाहिला.

"जावई असून?"

"जावई असून."

त्याने आपल्या राशीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "देतो. पण माझं लाकूड मी तुमच्या हातात देणार नाही. तुम्ही ते कसंही कोंबाल, दार लावाल आणि वर जाऊन पुस्तक वाचाल. माझं लाकूड मी येऊन जाळणार. आणि समोर बसणार."

"बसा! झोपा हवं तर!"

"आणखी एक," तो म्हणाला. "पण ते मी वालबुर्गाशी बोलेन."

वालबुर्गा म्हणजे आमच्या सासूबाई. मी मान हलवली. माणूस बुडत असताना अटींमधलं बारीक अक्षर वाचत बसत नाही.

शनिवारी आल्गायरबाईंनी हेफेलेच्या ओंडक्यात यंत्र खुपसलं, तेव्हा तो मुलाच्या निकालाला आलेल्या बापासारखा टोपी हातात घेऊन उभा होता. बाईंनी आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "हेफेले, मन प्रसन्न झालं." सही झाली. त्याने स्वतः रचलं, स्वतः पेटवलं. बॉयलर घुमायला लागला. वर नळ ठोठावल्यासारखे वाजू लागले. टाकी तापायला एवढा वेळ घेते हे डांगेलने अर्थातच सांगितलं नव्हतं. ऊब तळघरातून वर यायला कुरकुरत होती, एकेक पायरी मोजून यावी तशी. रविवारी दुपारीही बैठकीत नाक गारच होतं, आणि दारात सासूबाईंची बॅग उभी होती.

गेर्विग वेळेवर आला. तो कायम वेळेवर येतो, तीच त्याची खोड. "गोटहिल्फ, श्वास दिसतोय तुमच्या घरात," तो म्हणाला. "आई कुठे?"

बाक रिकामा होता. खोली रिकामी होती. स्वयंपाकघरात इर्मेलही नव्हती. आणि खालून हसण्याचा आवाज येत होता.

आम्ही शिडीवरून उतरलो, कारण जिना अजून डांगेलच्या गाडीत होता. खाली उन्हाळा होता. मुरंब्यांच्या कपाटाच्या जागी एक टेबल मांडलं होतं. बॉयलरला पाठ लावून सासूबाई बसल्या होत्या, ब्लाउजच्या बाह्या वर सारून, गाल सफरचंदासारखे लाल. समोर हेफेले. एका बाजूला हेफेलेबाई. आणि चौथ्या खुर्चीत, हातात पानं धरून, माझी बायको. लग्न झाल्यापासून ती 'पत्ते खेळणाऱ्यांना कामं नसतात' असं म्हणत आली आहे.

"शिडीवरून उतरलीस? गुडघ्यांनी?" गेर्विग ओरडला.

"गुडघे बरे आहेत. आता त्यांना ऊब लागलीय."

"आई, चल. अंधार व्हायच्या आत निघू."

"बस जरा. डाव चालू आहे."

"गाडी चालू ठेवून आलोय मी."

"मग बंद कर. गाडीच आहे ना? बॉयलर नाही काही, परत चालू होईल."

"अगं, पण माझ्याकडे सगळी जमीन गरम आहे!"

"आहे रे बाबा," सासूबाई पान टाकत म्हणाल्या. "पण जमिनीकडे बघत बसता येत नाही." आणि त्यांनी हेफेलेकडे बघून मान हलवली. हेफेले उठला, बॉयलरचं दार उघडलं, एक ओंडका ठेवला आणि तो पेट घेईपर्यंत सगळे त्या आगीकडे बघत राहिले. गेर्विगसुद्धा. त्याने कोट काढला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं असेल. "म्हणजे तुम्ही राहणार, सासूबाई?"

"न राहून करते काय? मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"याला." त्यांनी हेफेलेकडे बोट केलं. "तुमचं लाकूड सुकेपर्यंत याचं लाकूड इथे जळणार, आणि तोवर मी याची भिडू."

मी बॉयलरला धरलं. मग सोडलं, तो फार तापला होता.

"पण ते सुकायला दोन उन्हाळे लागतात!"

"ते तुमच्या लाकडाला सांगा," हेफेले म्हणाला. पानांआडून तो इतका सुखी दिसत होता की त्याचा राग येणंही कठीण होतं. मी प्रयत्न केला, आणि जमलं.

इर्मेल उठली. "घ्या, बसा माझ्या जागी. मला स्वयंपाक आहे." मी हेफेलेबाईंचा भिडू झालो. हेफेलेबाई फार चांगल्या बाई आहेत. त्यांचा केक उत्तम असतो. पण पत्ते त्या केकसारखेच खेळतात, सगळ्यांना भरभरून वाटतात. पहिला डाव आम्ही हरलो. दुसरा हरलो. शेजारी सासूबाई माझं प्रत्येक पान पडायच्या आत ओळखत होत्या, पूर्वीसारखंच, फक्त आता त्याचा फायदा हेफेलेला होत होता.

संध्याकाळी गेर्विगने कोट घातला आणि आईची बॅग परत तिच्या खोलीत नेऊन ठेवली. मग शिडीच्या पहिल्या पायरीवर तो घुटमळला. "आई, पुढच्या रविवारी येऊ का मी? असाच, खेळायला?"

"ये की," सासूबाई पानं पिसत म्हणाल्या. "पण रिकाम्या हाताने नको. इथे लाकूड आणणाऱ्यालाच भिडू निवडता येतो."

हेफेलेच्या चेहऱ्यावरचं सुख क्षणभर हललं. ते मी पाहिलं. मी ताडकन उठलो.

माझा हा मेहुणा मला कधीच आवडलेला नाही. लग्नापासून आजवर मी त्याला दारापर्यंतसुद्धा पोहोचवायला गेलेलो नाही. पण त्या संध्याकाळी मी त्याच्या पाठोपाठ शिडी चढलो, अंगणातून गेलो, बर्फात उभा राहून त्याच्या गाडीचं दार त्याच्यासाठी उघडलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला.

"गेर्विग," मी आवाज खाली आणून म्हणालो, "तुमच्या स्टुटगार्टात सुकं बीचचं लाकूड कुठे मिळतं रे?"